तारीख नसलेला निरोप

ज्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकण्यात आलं होतं, त्याच मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी हे लिहिते आहे. संपादकांनी मागितले होते टेलिफोन खात्यातले जुने अनुभव. मी म्हटलं, देते, पण आज हातात असलेल्या फोनबद्दलही लिहीन, आणि त्याला कात्री लावायची नाही. ते जरा थांबून "बरं" म्हणाले. त्या थांबण्याचा अर्थ मला कळला, तरी लिहितेच आहे.

खरं तर हे लिहिणं सई आणि नील, तुमच्यासाठी आहे. तुम्ही टोरांटोला. मराठी तुम्हाला समजतं, वाचता येत नाही. तेव्हा आईला, म्हणजे माझ्या मीनलला, हे मोठ्यानं वाचायला लावा, आणि ती मधला एखादा परिच्छेद गाळत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. मागच्या महिन्यात तुम्ही मला अकरा नियमांची यादी पाठवलीत. अनोळखी नंबर उचलू नको. अनोळखी माणसांशी बोलू नको. ग्रुपवर वाद घालू नको. शक्यतो सगळे ग्रुप सोड. यादी नीटनेटकी होती, मुद्द्यांना आकडे होते, इंग्रजी स्वच्छ होतं. माझी नातवंडं शोभता. पण त्यातले बहुतेक नियम मी पाळणार नाही. का, ते सांगते.

अडतीस वर्षं माझं काम अनोळखी माणसांशी बोलण्याचंच होतं.

माझे वडील रेल्वेत. वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा नातेवाईक हसले होते. त्याच इंग्रजीच्या जोरावर एकविसाव्या वर्षी मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, ट्रंक बोर्डावर. ट्रंक कॉल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. दुसऱ्या गावी फोन करायचा तर तो आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. आम्ही एका छोट्या कागदावर, ज्याला तिकीट म्हणत, लिहून घ्यायचो: कोणाचा, कोणाला, कुठे, नंबर, साधा की तातडीचा, आणि वेळ. याच क्रमानं. क्रम चुकला तर सुपरवायझर बाई तिकीट फाडून पुन्हा लिहायला लावत. तारीख मात्र आम्ही लिहीत नसू. ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच तिकिटांच्या अख्ख्या गठ्ठ्यावर तारखेचा शिक्का मारलेला असे. आपण फक्त वेळ टाकायची. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंबर घेतला की तो समोरच्याला परत म्हणून दाखवायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का? त्या तीन मिनिटांत माणसं मुलाचा निकाल, वडिलांचं ऑपरेशन आणि बहिणीचं ठरलेलं लग्न सांगून शिवाय रडून घेत. म्हणून आज कोणी मला सात मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला आणि त्यात पहिली दोन मिनिटं "अगं, ऐक ना" असेल, तर मी तो ऐकत नाही. तसं त्या व्यक्तीला कळवते. राग आला तर येऊ दे.

दुसरं म्हणजे, बोर्डावर आम्हाला सगळं ऐकू येई. शहरात कोणाचं कोणाशी बिनसलं आहे, कोणाची बदली कोण करवतो आहे, सगळं. समता कॉलोनीतल्या आमच्या शेजारीण बाई दर रविवारी चहाला येत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "त्या डॉक्टरांच्या घरून नागपूरला फार फोन जातात म्हणे?" मी त्यांना आणखी एक खारी देत असे. ऐकलेलं घरी न्यायचं नाही, हा आमच्याकडे सभ्यपणाचा प्रश्न नव्हता, नोकरीचा होता. बाहेर बोललं की निलंबन. आता कोणाचं खाजगी बोलणं फोनवर जसंच्या तसं चित्र काढून चार जणांना पाठवतात आणि वर हसरे चेहरे टाकतात. ते बघितलं की माझे हात शिवशिवतात. मी असली चित्रं पाहत नाही, पाठवणाऱ्याला "हे तुमच्याकडे कसं आलं?" एवढंच विचारते. पुन्हा पाठवत नाहीत.

आणि एका बाबतीत मी तुमच्या विरुद्ध आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सकाळच्या गुलाबांची तुम्ही चेष्टा करता. आम्ही रोज सकाळी बोर्डावर बसलो की आधी शेजारच्या गावांच्या लाइन तपासायचो. "राजनांदगाव, रायपूर बोलतंय, ऐकू येतंय का?" तिकडून "येतंय" आलं की झालं. त्या बोलण्यात काही मजकूर नसे. लाइन चालू आहे, एवढंच कळायचं. सकाळचा गुलाब तोच आहे. माझी बोर्डावरची मैत्रीण शैला रोज साडेसहाला मला गुलाब पाठवते. दोन वर्षांपूर्वी दोन दिवस आला नाही, तर मी रिक्षा करून तेलीबांध्याला तिच्या घरी गेले. न्हाणीघरात पडून तिचं मनगट मोडलं होतं आणि मुलांना कळवायला नको म्हणून ती गप्प बसली होती. तेव्हा माझे गुलाब चालूच राहतील.

आता राजधानीचं सांगते. राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा ट्रंक बोर्ड जवळजवळ संपला होता. लोक थेट फोन लावत होते. शैला आणि मी चौकशी विभागात होतो. कोणाचा नंबर हवा तर लोक आम्हाला विचारत. त्या काही महिन्यांत छापील डिरेक्टरी म्हणजे रद्दी झाली होती. एक खातं शाळेच्या इमारतीत, एक विश्रामगृहात, एक कोणाच्या तरी बंगल्याच्या व्हरांड्यात. एकदा स्टेशनवरून एका गृहस्थाचा फोन आला.

"मैडम, मैं भोपाल से तबादले पर आया हूँ. मेरा दफ़्तर कहाँ है?"

"कौन सा विभाग?"

"विभाग तो मालूम है. बिल्डिंग नहीं मालूम."

मी चार ठिकाणी फोन फिरवले. चौथ्या ठिकाणी शिपायानं उचलला. म्हणाला, "हाँ जी, यही है. हम भी आज ही आए हैं. उनसे कहिए, कुर्सी अपनी लेते आएँ."

मी एक वही केली होती. तिच्यात नवे नंबर पेन्सिलीनं. नियम एकच: नंबर कोणीही सांगो, मोठ्या साहेबांचा सचिव सांगो की लाइनमन, मी तो स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय वहीत जायचा नाही. पलीकडे कोण उचलतं ते माझ्या कानांनी ऐकायचं, मग बरोबरची खूण. शैला हसायची. "तू तं बाई देवाचाही नंबर वाजवून पाहशील, मंग नमस्कार करशील."

पण त्या वहीतून चुकीचा नंबर कधी गेला नाही. हा माझा अभिमान. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हेच सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं, म्हणजे हसू दिसू नये म्हणून.

आता मूळ गोष्ट.

या पावसाळ्यात शैलानं मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ती त्या ग्रुपची ॲडमिन आहे. मजकूर इंग्रजीत होता आणि वर हिंदीत कोणीतरी जोडलं होतं: ब्लड कॅन्सर, शेवटची स्टेज, कृपया सगळ्यांना पाठवा. खाली मुलीचं नाव, खिलेश्वरी, वय अकरा. मग रुग्णालय आणि वॉर्ड. रक्तगट ओ निगेटिव्ह. संपर्काचा नंबर. अत्यंत तातडीचे. सायंकाळी पाचच्या आत. मी पाहीपर्यंत बत्तीस जणांनी त्यावर जोडलेले हात टाकले होते. फोन एकानंही केला नव्हता. मी केला.

मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं, ते थांबलं.

"हॅलो, मैं समता कॉलोनी से बोल रही हूँ. वो ब्लड वाला मैसेज आया है..."

एक तरुण मुलगी म्हणाली, "जी, वो पेशंट मैं ही हूँ. बोलिए."

"आप? ग्यारह साल की?"

"बीस की. ग्यारह की थी तब पतंग निकालने टीन के छप्पर पर चढ़ी थी, गिर गई. टाँग का ऑपरेशन हुआ, खून लगा, मिल भी गया. नौ साल हो गए, आंटी. आज की आप चौथी हैं."

"और कैंसर?"

"वो रास्ते में किसी ने लगा दिया. पहले मेरी टाँग टूटी थी, फिर किडनी गई, अब कैंसर है. देखते हैं आगे क्या होता है."

नंबर बदलता येत नाही, हेही तिनं सांगितलं. तो वडिलांच्या दुकानाचा. गुढ़ियारीत मोटार वाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळलेल्या पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देणं. नंबर दुकानाच्या बोर्डावर रंगवलेला, सगळी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर. एरवी ती अशा फोनना हसून उत्तर देते, पण या वेळी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिनं आयटीआय केलं होतं, एका कारखान्यात देखभाल विभागात तिची निवड झाली होती, आणि तिथल्या अधिकाऱ्याला त्याच्याच सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आला होता. नाव असं की दुसरी कोणी असेल म्हणायचीही सोय नाही, आणि लहानपणचा आजार ती लपवते आहे असा त्याचा समज. तिनं डॉक्टरचं प्रमाणपत्र नेऊन दिलं, तर तो म्हणाला, "सर्टिफिकेट तो बन जाते हैं." सोमवारी शेवटचं काय ते सांगणार होता. सोमवारला पाच दिवस होते.

"जिसने आपको भेजा, उनको बोल दीजिए कि मैं मरी नहीं हूँ," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी ग्रुपवर लिहिलं: मेसेज नऊ वर्षं जुना आहे, मुलगी ठणठणीत आहे, जिथे जिथे पाठवला तिथे तसं कळवा, आणि तुम्हाला तो कोणी दिला ते मला सांगा. शैलाचा लगेच फोन.

"काहून वो कुमुद, रक्त मागितलं तं कोणाचं काय वाईट केलं मी? चांगलं काम करून राहिली होती."

"चांगलं काम होतं तर एकदा नंबर फिरवायचा होतास."

"तू अजून बोर्डावरच बसून हायेस काय? रिटायर झाली तू. कोणी सांगितलं नाही काय तुले?"

"मला सांग, तुला कोणी पाठवला?"

"भिलाईच्या भाच्यानं. आता त्याले फासावर चढवशील काय?"

भाच्याला मी फोन केला. त्याला दुर्गहून आला होता. दुर्गच्या बाईंना बिलासपूरहून. बोर्डावर एखाद्या लाइनमध्ये बिघाड आला की आम्ही एकेक टप्पा मागे जात तपासायचो, तसं मी दोन दिवस मागे जात राहिले. एकानं विचारलं, "माँजी, आप पुलिस से हैं क्या?" आणि माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगते. कोणी कोणाला पाठवला ती नावं मी मंडळाच्या ग्रुपवर लिहीत गेले, क्रमानं. त्याची गरज नव्हती. आपण बरोबर आहोत याची मला चव लागली होती. संध्याकाळी सचिवांनी लिहिलं की ग्रुपचं वातावरण बिघडतं आहे, आणि शैलानं मला काढून टाकलं.

मंडळातल्या कोणीतरी ही बातमी तुमच्या आईला पोचवली. "आई, कशाला लोकांच्या नादी लागतेस? काही झालं तर आम्ही इतक्या लांब," असं मीनल म्हणाली, आणि पाठोपाठ तुमची यादी आली. मी यादी वाचली, घडी घालावी तशी बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुढ़ियारीला गेले. नोकरीभर नंबर वाजवून पाहणारी बाई, मला ती मुलगी डोळ्यांनी पाहायची होती.

दुकान एवढंसं. वार्निशचा वास, जमिनीवर उघड्या मोटारी. वडील स्टुलावर बसून तार तपासत होते. मी कोण ते सांगितल्यावर हात पुसत उठले. "हव दाई, बइठव. नोनी बने हे, देख लव." बसा, पोर बरी आहे, बघून घ्या, असं सांगत होते. ती नोनी, म्हणजे त्यांची पोर, फिरकीच्या हँडलवर होती. तांब्याच्या तारेचे फेरे मोजत होती, म्हणून फेरे पूर्ण होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मला ते आवडलं.

तिनं चहा मागवला आणि फोन काढला. नऊ वर्षांत तिच्यापर्यंत परत आलेला त्या मेसेजचा प्रत्येक अवतार तिनं जपून ठेवला होता. "देखिए, मेरी पूरी बीमारी." सगळ्यात पहिला मामानं लिहिलेला, हिंदीत, एका दमात. भाचीचं नाव दोनदा, वॉर्ड शेवटी, मध्येच देवाचं नाव, आणि त्या गर्दीत त्या दिवसाची तारीख. त्यानंतरचा दुसरा इंग्रजीत. पुढचे सगळे त्याच्यावरून झालेले, कोणी वर किडनी जोडलेली, कोणी कॅन्सर.

ग्रुपवर मी कॅन्सर आणि नंबर एवढंच पाहिलं होतं. आता हा दुसरा मी वाचायला घेतला, आणि नीट वाचायच्या आधीच मला तो ओळखू आला. कोणाचा, कुठे, काय हवं, नंबर, तातडी, वेळ. त्या क्रमानं. सायंकाळी पाचच्या आत. तारीख नाही.

असं तिकीट मी बोर्डावर वर्षानुवर्षं लिहिलं होतं.

चहा आला. मी तो प्यायले. हे लिहायला मला मुळीच आवडत नाही, पण त्या दुकानात मी गप्प बसले आणि तशीच उठून रिक्षात बसले.

घरी येऊन फोनमध्ये तो नंबर शोधला. मी कधी काही पुसत नाही, त्याबद्दल मीनल माझ्यावर नेहमी चिडते. नऊ वर्षांपूर्वीचं सगळं निघालं. वर मामाचा हिंदी मेसेज, कोणीतरी मला पाठवलेला. सात मिनिटांनी माझा. मीनलला, शैलाला आणि दोन ग्रुपना. मला आठवलं. तो अस्ताव्यस्त मजकूर मला बघवला नव्हता. असं लिहिलं तर कोण मदत करणार, म्हणून मी बसून तो स्वच्छ केला होता. देव काढला, दोनदा आलेलं नाव एकदा केलं, वॉर्ड वर घेतला. आणि तारीख गेली, कारण तारीख गठ्ठ्यावर असते. नंबर मी वाजवून पाहिला नव्हता. तातडीचा कॉल होता ना.

कॅन्सर माझा नव्हता, किडनीही नव्हती. गप्प बसले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. पण मामाचा मेसेज त्या संध्याकाळी पाचला संपला असता. माझा संपला नाही. तो वाचायला सोपा होता, खरा वाटत होता, म्हणून नऊ वर्षं चालला, आणि आता एका मुलीच्या नोकरीपर्यंत येऊन पोचला होता.

मी दुकानात फोन लावला. मशीन थांबलं.

"खिलेश्वरी, वो इंग्लिश वाला मैसेज मैंने लिखा था."

"तो आप हैं."

"हाँ."

"इंग्लिश बहुत अच्छी थी. इसीलिए तो चला." मग म्हणाली, "मामा कहते हैं, खून भी उसी मैसेज से मिला था. पूरा ग़ुस्सा भी नहीं कर सकती आप पर. आधा करूँगी."

"आधा चलेगा," मी म्हटलं. "अब उस अफ़सर का नंबर दो."

तिनं दिला. मी आधी फिरवला, वहीत नंतर लिहिला. बोर्डावर दिल्ली-मुंबईच्या साहेबांशी ज्या इंग्रजीत बोलायचे, त्या इंग्रजीत बोलले. दोन वाक्यांत त्याचा सूर बदलला. म्हणाला, मॅडम, आपण त्या मुलीच्या कोण?

मी म्हटलं, कोणी नाही. तो मेसेज लिहिणारी.

तो म्हणाला, लेखी द्याल? मी म्हटलं, देईन, आणि सही पूर्ण नावानं करीन. पत्र लिहिलं. आधी तारीख, मग बाकीचं. मामाचा मूळ मेसेज आणि माझा, दोन्ही छापून जोडले. फोननं त्यांच्यावर दिवस आणि वेळ आपणहून घातली होती. जे मी विसरले ते त्या यंत्रानं सांभाळून ठेवलं होतं, हे इथे मान्य करते. फोनला नावं ठेवणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांनीही ते ऐकावं.

सोमवारी मी तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "आंटी, आप अंदर मत आना. नौकरी मुझे करनी है." पत्र घेतलं आणि आत गेली. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसले, आणि बसल्या बसल्या शैलाला फोन केला.

"मला ग्रुपमध्ये परत घे."

"पाय धरशील काय?"

"नाही. एक मेसेज टाकायचा आहे. टाकला की पुन्हा काढ."

"कोणाचं नाव घेणार हायेस आता?"

"माझं."

शैलानं फोन ठेवला आणि मिनिटाभरात मला ग्रुपमध्ये घेतलं. मी लिहिलं की गेल्या आठवड्यात मी ज्या साखळीतली नावं इथे टाकली, तिच्या पहिल्या टोकाला मीच आहे. नऊ वर्षांपूर्वी नंबर न वाजवता, तारीख न टाकता हा मेसेज मी लिहिला. ज्यांची नावं टाकली त्यांची क्षमा मागते. मेसेज थांबवायला मात्र अजूनही सांगते, आणि रोज सांगेन.

अर्धा तास कोणी काही लिहिलं नाही. जोडलेले हातसुद्धा नाहीत. मग शैलाचं आलं: "मी पण वाजवून पाहिला नव्हता. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. मले बी कुमुदनं शिकवलं होतं, तरी." त्यानंतर एकेक जण लिहू लागले, कोणाकोणाला पाठवला होता ते. तिनं मला काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू दे. एक खडूस लागतेच बोर्डावर."

खिलेश्वरी दोन तासांनी बाहेर आली. हातात गेट पास होता. "पहली तारीख से," एवढंच म्हणाली आणि पत्राची एक प्रत स्वतःसाठी मागितली. जपून ठेवणार म्हणाली, सगळ्या आजारांच्या शेवटी.

तर सई आणि नील, माझे नियम तुमच्यापेक्षा कमी आहेत. ओटीपी मी कोणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. कोणी घाई करून काही मागितलं तर फोन ठेवते आणि दुसरीकडून मिळालेल्या नंबरवर स्वतः लावते. जे पुढे पाठवायचं त्यातला नंबर आधी वाजवून बघायचा. वेळ नसेल तर पाठवायचं नाही. आपण काही लिहिलं तर आधी तारीख. आणि दुसऱ्याच्या गरजेचं शुद्धलेखन करायचं नाही. मामाचा मजकूर वेडावाकडा होता, कारण तो दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. तो तसाच जायला हवा होता.

पण अनोळखी माणसांशी बोलू नको, हे तुम्ही मला सांगू नका. तो मेसेज अजून फिरतो आहे. सगळ्या ग्रुपांतून तो एका म्हातारीनं थांबवावा इतका देश लहान नाही. दुकानात असे फोन आले की खिलेश्वरीचे वडील आता सांगतात, "बड़ी दीदी ले पूछ लव," म्हणजे मला विचारा, आणि माझ्या घरच्या लँडलाइनचा नंबर देतात. तो मीच दिला आहे. मीनलला हे आत्ता, मोठ्यानं वाचताना कळत असेल. तिला पाणी द्या आणि पुढे वाचायला सांगा.

फोनपाशी मी पेन्सिल आणि जुन्या तिकिटांच्या आकाराचे कागद कापून ठेवले आहेत. आठवड्याला चार-पाच फोन येतात. कोणी नुसतंच चौकशी करतं. काही जण खरोखर रक्त द्यायला निघालेले असतात. त्यांना मी सांगते, या मुलीला नको, पण तुमच्या गावच्या रक्तपेढीत दुसऱ्या कोणाला तरी लागत असेल, निघालाच आहात तर जा. दोघांनी नंतर फोन करून रक्त दिल्याचं सांगितलं. ग्रुपवर हात जोडणाऱ्या बत्तीस जणांपेक्षा मला हे दोघे जवळचे वाटतात, आणि त्यांचे चेहरेही मला माहीत नाहीत.

काल दुपारी जेवण उरकलं आणि फोन वाजला. अंबिकापूरहून कोणी गृहस्थ, आवाज काळजीत बुडालेला.

"बहनजी, वो ओ निगेटिव्ह वाली बच्ची... अब कैसी है?"

मी पेन्सिल उचलली आणि कागदावर आधी तारीख लिहिली.

"ड्यूटी पर है," मी म्हटलं. "अब आप बताइए, ये मैसेज आपको किसने दिया?"